बाराही महिने चातुर्मास

आमच्या लातूरकडं 'गॅस झालाय' हे माणूस भर चौकात सांगतो. सोबतचा ओवा सुचवतो, तिसरा सोडा-लिंबू सांगतो आणि विषय मिटतो. पण 'सकाळपासून संडासच्या फेऱ्या चालू आहेत आणि तरी पोट मोकळं वाटत नाही' हे कुणी कुणाला सांगत नाही. मीही बरीच वर्षं फक्त गॅसच सांगत आलो.

मी आडतीवर हिशेब लिहितो. सोयाबीनच्या हंगामात दुकानापुढं कट्ट्यांची थप्पी, आत गादीवर मी, समोर पट्टीसाठी थांबलेले शेतकरी. कुणाला बँक गाठायची असते, कुणाची शेवटची एसटी असते. अशा वेळी उठलं की पाच-सहा जणांचा खोळंबा. उठून जायचं कुठं, तर दोन गल्ल्या सोडून एका लॉजमध्ये, तिथल्या मॅनेजरच्या ओळखीवर. त्यामुळं हंगामात मी सकाळी काही खायचोच नाही. पोटात काही नसलं तर पोट काही करणार नाही, असा साधा हिशेब. पोटानं तो कधीच मान्य केला नाही.

दुखणं असं होतं. बेंबीच्या खाली, डाव्या अंगाला मुरडा यायचा. जाऊन आलं की हलकं वाटायचं, तासाभरात पुन्हा तेच. चार दिवस ढाळ, मग चार दिवस काहीच नाही, नुसतं पोट तट्ट फुगलेलं. अधूनमधून पांढरा चिकट आव. आव दिसला की आमच्याकडं निदान ठरलेलं असतं: जंत नाहीतर अमिबा. गोळ्यांचा कोर्स व्हायचा, आठवडाभर बरं वाटायचं, पुन्हा सुरू. मावशीनं बेंबी सरकली म्हणून दिवा लावून तांब्या पालथा घातला. एका दवाखान्यात 'अशक्तपणा आहे, एक बाटली लावून घ्या' झालं. सलाईन चढत असताना झोप छान लागायची, एवढं मात्र खरं.

थकव्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तो शीण नव्हता. शीण रात्रीच्या झोपेनं जातो. हा सकाळी उठतानाच अंगात असायचा. दुपारी तीनच्या सुमारास डोळ्यांपुढचे आकडे उलटे व्हायचे; 57 किलो लिहायचे तिथं 75 पडायचे. मापाडी ओरडायचा, "भाऊ, कुठं ध्यान हाय?" हिशेबनिसाला हे परवडत नाही. घरी आलो की चपला काढायच्या आत आडवा. आई म्हणायची, "काय व्हायलंय रं तुला? तरणाताठा माणूस, आन् दिवसाढवळ्या पडून राहायलास." माझं वय तेव्हा एक्केचाळीस होतं, पण आईला त्याचं काय.

तपासण्या कमी झाल्या नाहीत. सोनोग्राफी झाली, वरून दुर्बीण झाली. प्रत्येक वेळी रिपोर्ट नॉर्मल आणि सोबत 'टेन्शन घेत जाऊ नका' हा सल्ला. फाईल जाड होत गेली. घरचे खूश, की काही निघालं नाही. मला मात्र काहीतरी निघालं असतं तर बरं, असं वाटायला लागलं होतं. हे वाचून कुणाला विचित्र वाटेल. ज्यांचं पोट असं आहे त्यांना वाटणार नाही.

शेवटी शेठजींच्या ओळखीनं सोलापूरला पोटाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि आधी प्रश्न विचारले. रात्री झोपेतून उठून जावं लागतं का? रक्त पडतं का? वजन आपोआप उतरलंय का? ताप येतो का? घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालाय का? सगळ्यांना माझं उत्तर 'नाही' होतं. यातलं एक जरी 'हो' असतं, किंवा वय जास्त असताना हे नव्यानंच सुरू झालं असतं, तर थेट आतड्याची दुर्बीण करावी लागली असती, असं ते म्हणाले. मग विचारलं, दुखणं संडासशी जोडलेलं आहे का, आणि किती वेळा व कशी होते यात बदल झालाय का. 2016 साली ठरलेले निकष आहेत: गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखणं, ते शौचाशी, ती किती वेळा होते याच्याशी आणि ती कशी होते याच्याशी, यांतल्या किमान दोन गोष्टींशी जोडलेलं असणं, आणि त्रासाला सहा महिने तरी झालेले असणं. माझं सगळं जुळत होतं. आयबीएस. म्हणजे इरिटेबल बाऊल सिंड्रोम.

"पण रिपोर्ट तर नॉर्मल आहेत," मी म्हणालो.

"यात नॉर्मलच येतात. आतड्याला जखम नाही, सूज नाही. आतडं आणि मेंदू यांच्यातला निरोप बिघडलाय. इतरांना जेवढा वायू कळतसुद्धा नाही, तेवढा तुम्हाला दुखतो. दुखणं खरं आहे."

हे शेवटचं वाक्य ऐकायला मी सोलापूरपर्यंत गेलो होतो असं म्हटलं तरी चालेल.

तरी त्यांनी काही तपासण्या लावल्याच: रक्ताची साधी तपासणी, थायरॉइड, गव्हाची ॲलर्जी म्हणतात त्या सीलिॲक आजाराची टीटीजी चाचणी, आणि आतड्याला सूज आहे का ते सांगणारी मलाची कॅलप्रोटेक्टिन. त्या बरोबर आल्या. मी निघताना थकव्याबद्दल बोललो तेव्हा त्यांनी मला पुन्हा बसवलं आणि दुसऱ्या कागदावर बी-12, फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा, आणि डी-3 लिहून दिलं. माझा धंदा त्यांना माहीत होता, म्हणून असेल, म्हणाले, "पोटाचं आणि थकव्याचं खातं वेगळं ठेवा. एकात दुसरं मिसळलं की ताळमेळ लागत नाही." मी इतकी वर्षं धरून चाललो होतो की पोट बरं झालं की थकवा आपोआप जाईल. आयबीएसच्या पुष्कळ लोकांना थकवा असतो हे खरं, पण तो सगळाच पोटातून येतो असं नाही.

पोटाच्या खात्यासाठी एक वही केली. काय खाल्लं, किती वाजता, झोप किती, आणि संडास कशी. यासाठी ब्रिस्टल स्केल म्हणून सात प्रकारांचा तक्ता असतो, 1 म्हणजे लेंड्यांसारखे खडे आणि 7 म्हणजे पाणी. मी नुसता आकडा लिहायचो. वही कुणाच्या हाती लागली तरी सौद्याचे भाव वाटावेत, अशी.

वही लिहायला लागल्यावर खरा शोध लावला तो बायकोनं. म्हणाली, "अहो, श्रावणात तुम्ही बरे असता."

आमचं घर माळकरी. आई चातुर्मास पाळते, म्हणजे आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत घरात कांदा, लसूण, वांगं बंद. तिच्यासाठी वेगळं कोण शिजवणार, म्हणून सगळ्यांचंच बंद. त्याआधीच्या कांदेनवमीला मात्र कांदाभजी, कांद्याचं थालीपीठ, भरली वांगी, जे चार महिन्यांत मिळणार नाही ते एका दिवसात. आणि मी आषाढी एकादशीला दरवर्षी आजारी. आई म्हणायची, उपास झेपत नाही तुला. मग पुढचे दोन-तीन महिने त्यातल्या त्यात बरे जायचे. दिवाळी उलटली, कार्तिकी झाली, भाजीत लसणाची फोडणी आली की पुन्हा मुरडा. पण तोच हंगामाचाही ऐन काळ, म्हणून मी सगळा दोष कामाला देत होतो.

डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, जे मी तुम्हाला सांगणार होतो त्यातलं अर्धं तुमच्या आईंनी आधीच करून ठेवलंय. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात एक आहारपद्धत तयार झाली आहे, लो-फॉडमॅप, म्हणजे नीट न पचता आतड्यात आंबणाऱ्या साखरा कमी करायची. कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टन नावाची साखरसाखळी असते. ती कुणाच्याच लहान आतड्यात पचत नाही. पुढं मोठ्या आतड्यात जिवाणू ती आंबवतात, वायू होतो. तूर, हरभरा, राजमा यांतही तसलीच दुसरी साखर. दुधातलं लॅक्टोज पुष्कळांना पचत नाही, ते तर आतड्यात पाणीही ओढून घेतं. हे सगळं दोन ते सहा आठवडे बंद करायचं, मग एकेक गट परत आणून बघायचा, आणि ज्याचा त्रास होतो तेवढंच कमी ठेवायचं. कायमचं सगळं बंद करायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं, आणि मधल्या काळात आहारतज्ज्ञ बाईंशी गाठ घालून दिली.

तुरीच्या बाजारात बसून तूर बंद! शेठजींनी हे ऐकून कपाळावर हात मारला.

पण एक गोष्ट आमच्या बाजूनं होती, ज्वारी. तिच्यात फ्रुक्टन कमी. आमच्या घरात गेल्या काही वर्षांत दोन्ही वेळा पोळी सुरू झाली होती. भाकरी थापायला वेळ लागतो, मुलांना आवडत नाही, ही कारणं. ती उलटी फिरवली. मालदांडीची ज्वारी आणली, आईनं परात पुढं ओढली, आणि या सगळ्या प्रकरणात खरा आनंद कुणाला झाला असेल तर तिला. मुगाचं पातळ वरण थोडं चालायचं. भात चालायचा. शेंगदाण्याची चटणी चालायची, पण लसणाशिवाय, आणि लसणाशिवाय शेंगदाण्याची चटणी म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

इथं आहारतज्ज्ञ बाईंनी एक युक्ती दिली. फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात नाही. म्हणून तेलात लसणाच्या पाकळ्या चांगल्या लाल होऊ द्यायच्या, झाऱ्यानं सगळ्या काढून टाकायच्या आणि मग त्या तेलात जिरं-मोहरी घालायची. वास राहतो, त्रास राहत नाही. बायको पहिल्या वेळी पाकळ्या मोजून घालून मोजून काढत होती. कांद्याऐवजी कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग. हिंग वापरायचा, पण डब्यावर वाचून, कारण बांधलेल्या हिंगात गव्हाचं पीठ असू शकतं. ठेचा कमी करावा लागला. तिखटातल्या कॅप्सेसिननं अशा आतड्याची आग वाढते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

बाकी आड आला चहा. आडतीवर शेतकरी आला की चहा सांगायचा आणि त्याच्यासोबत आपणही घ्यायचा, ही रीत. दिवसभरात दुधाचं किती पोटात जायचं कोण जाणे. 'नको' म्हटलं की, "का हो मुनीम, आमचा चहा चालत नाही का?" मग मी हॉटेलवाल्या पोराला सांगून ठेवलं, माझा कप वेगळा आण, कोरा, आल्याचा. लांबून कुणाला कळत नाही. ताक मला सोसतं, दूध नाही.

तिसऱ्या आठवड्यात पोट फुगणं निम्म्यावर आलं. दुखणं त्याहून कमी झालं. मग एकेक वस्तू परत आणायला लागलो. दूध अर्धा कप, नापास. गहू, एक पोळी पास, तीन नापास. तुरीचं वरण वाटीभर पास, आमटी भुरकून भुरकून खाल्ली तर नापास. कांद्याची चाचणी मी मुद्दाम मेमध्ये घेतली, बाजारात आवक नसते तेव्हा. निवांत दिवस, झोप पूर्ण, डोक्याला ताप नाही. दुपारी कच्चा कांदा खाल्ला, संध्याकाळी मुरडा. पुढं हंगामात कांदा बंद असतानाही थोडा त्रास झालाच. म्हणजे कांदाही दोषी आणि कामही.

येळवस या सगळ्याच्या मधे येऊन गेली. बाहेरच्यांसाठी सांगतो: मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला लातूर-धाराशिवकडं अख्खं गाव शेतात जेवायला जातं. बाजार बंद, रस्ते ओस. तुरीचे दाणे, वाटाणा, हरभरा, वाल, भुईमूग, पालेभाज्या, सगळं बेसन लावून शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यातलं थंडगार आंबील, लसूण वाटून लावलेलं. फॉडमॅप शिकवायला याहून चांगला फळा मिळायचा नाही. मामाच्या शेतात कोपीपुढं पंगत बसली. मी उंडे वाढून घेतले, भज्जी दोनच चमचे. मामी वाढायला वाकल्या त्या वाकलेल्याच राहिल्या. "जावयासारखं काय करायलास? आमची भज्जी गोड लागंना का?" मामींना साखळीदार साखर कशी समजावणार. मी आणखी एक पळी घेतली आणि वर आंबीलही प्यालो. संध्याकाळी व्हायचं ते झालं; पण ते कशानं झालं हे या वेळी मला माहीत होतं, त्यामुळं घाबरलो नाही. घाबरलो नाही म्हणून ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओसरलंही. पूर्वी असा झटका आठवडाभर चालायचा.

औषधंही होती. इसबगोल रात्री पाण्यातून, थोड्यावरून सुरू करून हळूहळू वाढवत. ढाळ असताना इसबगोल कशाला, असं मेडिकलवाल्यानं विचारलं. पण ते पाणी धरून ठेवतं, म्हणून दोन्ही बाजूंना उपयोगी पडतं. गव्हाचा कोंडा मात्र माझ्यासारख्यांना उलट त्रास देतो. मुरड्यासाठी मेबेव्हेरिन, लागेल तशी. आणि रात्रीची ॲमिट्रिप्टिलीन, 10 मिलिग्रॅम. ही चिठ्ठी वाचून मेडिकलवाला हळूच म्हणाला, "ही डिप्रेशनची गोळी आहे, माहीत आहे ना?" गावात बातमी पसरायला एवढं पुरे. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, नैराश्यासाठी डोस बराच मोठा असतो. एवढ्याशा डोसात ती आतड्याच्या नसांचा कल्लोळ कमी करते. आयबीएससाठी तिचा इंग्लंडमध्ये मोठा अभ्यास झाला, 463 रुग्णांवर, 2023 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, आणि नुसत्या खोट्या गोळीपेक्षा ती सरस ठरली. तोंड कोरडं पडतं आणि सकाळी सुस्ती राहते, म्हणून मी ती संध्याकाळी लवकर घेतो. मनानं बंद करायची नाही, असंही सांगितलंय.

आता दुसरं खातं. बी-12 आलं 132. 200 च्या खाली कमी समजतात. डी-3 पण तळाला. फेरिटिन ठीक. बी-12 मिळतं प्राण्यांपासूनच्या अन्नातून. आमच्या घरात अंडंसुद्धा नाही, दूध चहात जाईल तेवढंच, आणि वर गॅसवर म्हणून रोज सकाळी अनशापोटी घ्यायची पॅन्टोप्रॅझोलची कॅप्सूल वर्षानुवर्षं चालू होती. पोटातलं ॲसिड सतत दाबून ठेवलं तर अन्नातलं बी-12 सुटं होत नाही. ती कॅप्सूल त्यांनी हळूहळू बंद केली. बी-12 ची इंजेक्शनं आधी एकाआड एक, मग आठवड्याला, मग महिन्याला. डी-3 ची 60,000 ची पुडी आठवड्यातून एकदा. माळकऱ्याला चालतं का हे आईनं विचारून घेतलं; गोळीला पाय नसतात, म्हणाली, आणि परवानगी दिली.

महिन्या-दोन महिन्यांत आकडे उलटे पडायचे थांबले. पण थकवा पूर्ण गेला नाही. पोटही शांत, बी-12 ही वर, आणि तरी दुपारी पाय ओढत चालायचं. डॉक्टरांनी विचारलं, जरा कष्ट केले की दुसऱ्या दिवशी झोपूनच राहावं लागतं, असं होतं का? तसं असेल तर तो वेगळाच आजार, एमई-सीएफएस, आणि त्यात जबरदस्तीनं व्यायाम केला तर माणूस खाली जातो. माझं तसं नव्हतं. मग झोपेकडं आलो. हंगामात रात्री अकरापर्यंत रोजमेळ, मग मोबाईल, पहाटे पाचला जाग. आणि पोटाच्या धाकानं दिवसभर उपाशी राहून रात्री एकदम भरपेट. वही चाळली तर दिसलं की कमी झोपेच्या दुसऱ्या दिवशी मुरडा हमखास. म्हणजे खाती वेगळी असली तरी एकमेकांत उचल-वळती चालू होतीच.

शेठजींशी बोललो. संडासबद्दलसुद्धा, स्वच्छ शब्दांत. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "माझ्या भावाचंही असंच आहे, बोलत नाही तो." आता हंगामात पट्ट्या दुपारी दीडपर्यंत मी करतो, मग अर्धा तास जेवण आणि मागच्या खोलीत पाठ टेकणं, त्या वेळात त्यांचा पुतण्या गादीवर. रोजमेळ रात्री नऊला बंद, उरलेला सकाळी. पहाटे भाकरी आणि मुगाचं वरण खाऊनच निघतो, आणि रिकाम्या पोटापेक्षा भरलेलं पोट शांत राहतं हे अजूनही मला पटायला जड जातं. संध्याकाळी देवळात भजनाला बसतो. डॉक्टरांनी पोटानं सावकाश श्वास सोडायला शिकवलं होतं, ते घरी एकट्यानं होईना. अभंगाची ओळ एका दमात म्हणताना आपोआप होतं.

या हंगामात मी गादीवरून उठलो नाही असं नाही. उठलो, सांगून उठलो. थकवा अजून येतो, दुपारचा आणि लग्नसराईतला जास्त. लग्नातलं जेवण मी जमवू शकलेलो नाही. घरून खाऊन जातो आणि पंगतीत वरण-भात चिवडत बसतो.

कार्तिकी झाली तरी आमच्या घरी आता कांदा-लसूण पूर्वीसारखा परतलेला नाही. आई शेजारणीला सांगते, "आमच्याकडं बाराही महिने चातुर्मास, पोरानं पुण्य कमवून दिलं." मुलं तिच्या लपून बाहेर कांदाभजी खाऊन येतात. माझी स्वतःची लसणाची चाचणी अजून राहिली आहे. बायकोनं ती संक्रांतीनंतर ठेवली आहे, एका पाकळीनं सुरुवात, आणि त्या दिवशी आडतीवर जायचं नाही, अशी तिची अट आहे. तुरीची आवक तेव्हा जोरात असते, सुट्टी मिळेल की नाही ते बघायचं.